नाव, नोंद आणि यंत्र : संगणकाच्या होस्टनेमची व्यवस्था

दिनांक १९ जुलै २०१८ रोजी पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड ह्या स्थानकाचे नामांतर होऊन ते प्रभादेवी झाले. १८५३ ते १८६० ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांच्या नावाच्या जागी, ज्या देवीवरून तो सारा परिसर ओळखला जातो तिचे नाव आले. ह्या नामांतराचे सांस्कृतिक मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. नामांतर करताना काय काय पालटावे लागले, एवढाच प्रश्न येथे अभिप्रेत आहे. फलाटावरील पाट्या बदलल्या. गाडीतील उद्घोषणा बदलल्या. तिकिटावर छापावयाचे नाव बदलले. रेल्वेच्या अंतर्गत व्यवहारातील ई-पी-आर हा संकेत जाऊन पी-बी-एच-डी हा संकेत आला. रूळ, फलाट आणि जिने मात्र होते तेथेच राहिले. शेजारच्या पुलाला लोक त्यानंतरही एल्फिन्स्टन पूल असेच म्हणत राहिले. कारण पुलाचे नाव स्थानकाच्या दप्तरात नव्हतेच.

ह्या उदाहरणावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. नाव हा वस्तूचा अंगभूत गुण नसून ती वस्तूविषयी ठेवलेली नोंद असते. अशी नोंद एकाच ठिकाणी नसते. आणि प्रत्येक नोंदीचा धनी निराळा असतो. नामांतर करणे म्हणजे ह्या सर्व नोंदींचा मेळ घालणे होय. व्यवहारात ज्याला होस्टनेम म्हणतात त्या संगणकाच्या नावाचे स्वरूप अगदी ह्याच प्रकारचे आहे. एक आज्ञा दिली की यंत्राचे नाव बदलले, अशी समजूत विद्यार्थ्यांत व कित्येकदा अध्यापकांतही आढळते. प्रयोगशाळेतील बरेच अनाकलनीय वाटणारे बिघाड ह्या समजुतीतून उद्भवतात. म्हणून संगणकाचे नाव कोठे कोठे नोंदलेले असते, त्या नोंदी कोण सांभाळतो, आणि त्यांपैकी कोणत्या नोंदीवर आपली सत्ता चालते, ह्याचे विवेचन पुढे केले आहे. विवेचन मुख्यतः लिनक्स प्रणालीला धरून आहे.

१. नावाची आवश्यकता

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांनी त्याचे नाव टिफ्रॅक असे ठेवले. ते नाव गौरवाचे होते. व्यवहारात त्याची गरज नव्हती. संस्थेत यंत्र एकच असल्यामुळे ‘संगणकावर काम चालू आहे’ एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला अर्थबोध होई. नावाची खरी गरज यंत्रे एकमेकांशी जोडली गेल्यावर उत्पन्न झाली. कोणत्या यंत्राकडे निरोप धाडावयाचा हे सांगण्यासाठी यंत्राला अंकात्मक पत्ता असतोच; परंतु माणसाला अंक लक्षात ठेवणे जड जाते, म्हणून अंकाबरोबर नाव आले.

अमेरिकेतील अर्पानेट ह्या जालात सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्र तयार करी आणि प्रत्येक ठिकाणचे व्यवस्थापक तिची प्रत उतरवून घेत. यंत्रांची संख्या वाढत गेली तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस ह्यांनी नावांच्या नोंदी निरनिराळ्या अधिकाऱ्यांत विभागून देणारी जी व्यवस्था मांडली, तीच आजची डोमेन नेम सिस्टिम होय. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सच्या ४.२ ह्या आवृत्तीत यंत्राचे नाव विचारण्याची आणि ठरविण्याची स्वतंत्र सोय आली. म्हणजे यंत्राने स्वतःला काय म्हणावे ही नोंद आणि जगाने त्या यंत्राला काय म्हणावे ही नोंद, अशा दोन नोंदी तेव्हापासूनच वेगळ्या आहेत. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच भेद आहे.

२. कर्नलच्या स्मृतीतील नाव

चालू असलेल्या लिनक्स यंत्राला आपले नाव ठाऊक असते ते कर्नलच्या स्मृतीतील एका छोट्या कप्प्यामुळे. ह्या कप्प्यात जास्तीत जास्त ६४ चिन्हे मावतात. एखाद्या कार्यक्रमाने यंत्राचे नाव विचारले की कर्नल ह्या कप्प्यातील मजकूर वाचून दाखवितो; तो खरा आहे की खोटा, बाहेरच्या जगात त्या नावाला कोणी ओळखते की नाही, ह्याची चौकशी कर्नल करीत नाही. नाव बदलण्याचा अधिकार मात्र सामान्य वापरणाऱ्याला नसून विशेष अधिकार असलेल्या प्रक्रियेलाच असतो.

हा कप्पा स्मृतीत असल्यामुळे यंत्र बंद होताच त्यातील मजकूर नाहीसा होतो. यंत्र पुन्हा सुरू होताना कोणीतरी ते नाव पुन्हा लिहावे लागते. जुनी ‘होस्टनेम’ ही आज्ञा थेट ह्या कप्प्यात लिहिते आणि दुसरीकडे कोठेही नोंद करीत नाही. त्यामुळे त्या आज्ञेने दिलेले नाव तत्काळ लागू होते आणि यंत्र पुन्हा सुरू करताच विरून जाते. ‘काल बदललेले नाव आज परत जुने कसे झाले?’ ह्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

येथे आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. २००६ सालच्या २.६.१९ ह्या आवृत्तीपासून लिनक्स कर्नल असे अनेक कप्पे एकाच वेळी बाळगू शकतो आणि प्रक्रियांच्या निरनिराळ्या समूहांना निरनिराळे नाव दाखवू शकतो. आज ज्यांना कंटेनर म्हणतात ते ह्याच सोयीचा उपयोग करतात. एका चाळीत बिऱ्हाडे अनेक आणि प्रत्येक दारावर पाटी निराळी, तसाच हा प्रकार आहे. तात्पर्य, एक यंत्र म्हणजे एक नाव हे समीकरण खुद्द कर्नलच्या पातळीवरही खरे राहिलेले नाही.

३. तीन प्रकारची नावे

बंद यंत्रातही नाव टिकावे म्हणून ते डिस्कवरील फाइलमध्ये ठेवावे लागते. ही फाइल कोणती, ह्याविषयी पूर्वी एकवाक्यता नव्हती. डेबियनमध्ये ती ‘एट्सी’ निर्देशिकेत होस्टनेम ह्या नावाने असे. रेड हॅटमध्ये जालविषयक मांडणीच्या एका फाइलीतील एका ओळीत हे नाव लिहिले जाई. प्रत्येक प्रणालीच्या आरंभीच्या आज्ञावलीने आपापली फाइल वाचावी आणि कर्नलला नाव सांगावे, असा रिवाज होता. नाव बदलणाऱ्या कार्यक्रमाला ह्या साऱ्या रिवाजांची माहिती ठेवावी लागे.

सिस्टेमडी ह्या प्रकल्पाची सुरुवात २०१० साली झाली. त्यातील ‘हostनेम-डी’ असे ज्याला म्हणता येईल त्या नामव्यवस्थापक सेवेने पुढल्याच वर्षी ही परिस्थिती पालटली. ह्या सेवेने नावाचे तीन प्रकार मानले आहेत.

पहिले स्थायी नाव. हे एट्सी निर्देशिकेतील होस्टनेम फाइलमध्ये असते आणि यंत्र सुरू होताना अगदी आरंभी सिस्टेमडी ते वाचून कर्नलला देते. दुसरे तात्पुरते नाव. कर्नलच्या कप्प्यात त्या क्षणी जे असते ते हे नाव. ते जालाकडूनही मिळू शकते. तिसरे दर्शनी नाव. हे माणसांसाठी असते. त्यात रिकाम्या जागा, विरामचिन्हे आणि कोणत्याही लिपीतील अक्षरे चालतात. ते एट्सी निर्देशिकेतील मशीन-इन्फो ह्या फाइलमध्ये राहते. त्याच फाइलमध्ये यंत्र मेजावरचे आहे की मांडीवरचे, प्रत्यक्ष कामाचे आहे की चाचणीचे, आणि ते कोठे ठेवले आहे, ह्यांच्याही नोंदी करता येतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. स्थायी नावात रोमन वर्णमालेतील अक्षरे, अंक व जोडरेघ एवढीच सामग्री वापरण्याचा संकेत आहे. अक्षरे लहान लिपीतील असावीत अशीही शिफारस आहे. दर्शनी नाव मात्र ‘प्रभादेवी : पदव्युत्तर विभागाचा मुख्य संगणक’ असे सरळ देवनागरीत ठेवता येते. आज्ञा देताना प्रकार न सांगता एकच नाव दिले, तर सेवा ते तिन्ही ठिकाणी लागू करू पाहते आणि स्थायी नावासाठी त्यातील न चालणारी चिन्हे गाळून टाकते. देवनागरी अक्षरे ह्या गाळणीतून पार होत नाहीत. म्हणून देवनागरी नाव द्यावयाचे असल्यास ते दर्शनी म्हणून स्वतंत्रपणे द्यावे आणि रोमन स्थायी नाव निराळे ठरवावे, हे श्रेयस्कर.

देवनागरीला यंत्रनामांच्या जगात मज्जाव आहे, असा ह्याचा अर्थ नव्हे. ‘.भारत’ हा देवनागरी डोमेन २०१४ साली खुला झाला आणि मराठी ही त्यात अंतर्भूत झालेल्या भाषांपैकी एक आहे. मात्र तेथेही पडद्यावर दिसणाऱ्या देवनागरी नावाचे आतल्या आत, विशिष्ट चार चिन्हांचा उपसर्ग असलेल्या रोमन अक्षरमालेत रूपांतर होते आणि जालावरून तेच फिरते. दर्शनी रूप आणि व्यवहारातील रूप ह्यांची फारकत येथेही कायम आहे.

४. सेवा कशासाठी?

फाइल एक आणि कप्पा एक, मग ह्यासाठी स्वतंत्र सेवा कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर तीन भागांत देता येते.

पहिली गोष्ट अधिकाराची. फाइलीत लिहावयाचे तर संपूर्ण प्रशासकीय अधिकार हवा. सेवा मध्ये असली की वापरणारा केवळ विनंती करतो. ती विनंती करण्याचा हक्क त्याला आहे की नाही, हे पोलकिट नावाची दुसरी व्यवस्था पाहते आणि आवश्यक तर परवलीचा शब्द विचारते. लिहिण्याचे काम सेवा स्वतः करते. एका क्षुल्लक बदलासाठी सर्वाधिकार हाती देण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

दुसरी गोष्ट मेळाची. सेवा स्थायी नाव लिहिताना कर्नललाही कळविते. म्हणजे फाइल एक सांगते आणि चालू यंत्र दुसरेच सांगते, अशी विसंगती राहत नाही.

तिसरी गोष्ट वार्तेची. डी-बस ह्या संदेशमार्गावर सेवा नावातील बदल जाहीर करते. ज्या कार्यक्रमांना त्या नावाशी कर्तव्य आहे ते तो संदेश ऐकून आपले वर्तन सुधारून घेऊ शकतात. पूर्वी फाइल बदलली तरी चालू कार्यक्रमांना त्याचा पत्ताच लागत नसे.

ही सेवा सदैव जागी नसते, हेही लक्षणीय आहे. कोणी विनंती केली की ती सुरू होते आणि काही काळ काम नसले की आपोआप थांबते. नाव वर्षातून एखादे वेळी बदलते. त्यासाठी कायमचा पहारेकरी ठेवण्याचे प्रयोजन नाही. वापरणाऱ्याचा तिच्याशी संबंध येतो तो ‘होस्टनेम-सीटीएल’ ह्या आज्ञेद्वारे. नुसती आज्ञा दिली तर ती तिन्ही नावे, यंत्राचा प्रकार, कर्नलची आवृत्ती आणि यंत्राचा ओळखक्रमांक दाखविते.

५. अग्रक्रम आणि ओळखक्रमांक

दोन ठिकाणी दोन नावे आढळली तर कोणते मानावे? सेवेचा नियम सुबोध आहे. वैध स्थायी नाव असेल तर ते श्रेष्ठ. ते नसेल तर जालाने दिलेले तात्पुरते नाव. तेही नसेल तर प्रणालीने राखून ठेवलेले शेवटचे नाव, जे बहुधा लोकलहोस्ट असते. जालाकडून नाव मिळते ते डीएचसीपी ह्या व्यवस्थेमार्फत. यंत्राला पत्ता देताना तीच नावही देऊ शकते. शासकीय दप्तरातील नाव असले की हजेरीपटावर तेच चढते, नसले तर शेजारी सांगतील ते, अशी ही पायरी आहे.

ह्या नियमाचे व्यावहारिक महत्त्व विभागाच्या प्रयोगशाळेत प्रत्ययास येते. समजा, तीस यंत्रे एकाच डिस्कची प्रतिकृती काढून सिद्ध केली. मूळ डिस्कवर स्थायी नाव लिहिलेले असेल, तर तीसही यंत्रे त्याच नावाने उभी राहतात. जालाने प्रत्येकीला निराळे नाव देऊ केले तरी स्थायी नावापुढे त्याचे चालत नाही. उपाय असा की, प्रतिकृतीपूर्वी मूळ डिस्कवरील स्थायी नाव रिकामे ठेवावे आणि नाव देण्याचे काम जालाकडे सोपवावे, अथवा पहिल्या आरंभाच्या वेळी प्रत्येक यंत्राला स्वतंत्र नाव देण्याची तजवीज करावी.

परंतु एवढ्याने भागत नाही. लिनक्स यंत्राला नावाव्यतिरिक्त एक १२८ बिटांचा ओळखक्रमांकही असतो. तो बत्तीस षोडशमान चिन्हांत लिहिला जातो आणि प्रणाली बसविताना अथवा प्रथम सुरू होताना ठरतो. नाव पालटले तरी तो पालटत नाही. प्रतिकृती काढताना हा क्रमांक पुसला नाही तर तो तीसही यंत्रांत सारखाच राहतो. जालव्यवस्थेचे काही कार्यक्रम पत्ता मागताना ह्याच क्रमांकावरून आपली ओळख सिद्ध करतात. परिणामी दोन यंत्रांना एकच पत्ता मिळण्याचा प्रसंग येतो, आणि दोष मात्र तारेला किंवा स्विचला दिला जातो.

नाव आणि संकेत ह्यांचे नाते समजण्यास मुंबईची रेल्वे पुन्हा उपयोगी पडते. दादर हे नाव एक आहे. परंतु मध्य रेल्वेच्या दप्तरात त्याचा संकेत डी-आर आणि पश्चिम रेल्वेच्या दप्तरात डी-डी-आर असा आहे. उलटपक्षी, पादचारी पुलाने जोडलेल्या एकाच परिसराला मध्य रेल्वे परळ म्हणते आणि पश्चिम रेल्वे प्रभादेवी म्हणते. दोन जालांना जोडलेल्या संगणकाची गत अशीच असते. त्याचे स्वतःचे होस्टनेम एक. पण एका जालात त्याला एका नावाने आणि दुसऱ्या जालात दुसऱ्या नावाने हाक मारली जाते. ह्यात विसंगती नाही. कोणते नाव कोणत्या दप्तरातले, हे विसरले की मात्र घोटाळा सुरू होतो.

६. यंत्राबाहेरील नोंदी

आतापर्यंत वर्णिलेल्या सर्व नोंदी यंत्राच्या आतल्या होत्या. नामव्यवस्थापक सेवेची सत्ता तेथेच संपते. बाहेरच्या नोंदी तिच्या आवाक्यात येत नाहीत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची नोंद डोमेन नेम सिस्टिममधील. ती त्या डोमेनच्या व्यवस्थापकाच्या हाती असते आणि तिच्या उतारे-प्रती जगभरच्या यंत्रांत ठरावीक मुदतीपर्यंत साठविलेल्या असतात. त्याखेरीज इतर यंत्रांवरील होस्ट्स फाइली, सुरक्षा-प्रमाणपत्रे, टपालाचे पत्ते, संशोधकांच्या टिपणवह्या अशा असंख्य ठिकाणी ते नाव जाऊन बसलेले असते.

ह्याचे बोधप्रद उदाहरण मुंबईतच सापडते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. मुंबईच्या ग्राहकांच्या टपालपत्त्यात जे यंत्रनाम असे ते रोमन लिपीत ‘जी-आय-ए-एस-बी-एम-शून्य-एक’ असे होते. त्यातील पहिली चार अक्षरे सेवेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे, पुढची दोन बॉम्बे ह्या शहरनामाची, आणि अखेरचे अंक यंत्राच्या क्रमाचे. दिल्ली, मद्रास, कलकत्ता येथील यंत्रांची नावेही ह्याच साच्याची होती. नावावरून सेवा, स्थळ आणि क्रम तिन्ही कळावेत, हा हेतू उघड आहे आणि तो प्रथमदर्शनी सयुक्तिकही वाटतो.

परंतु त्याच १९९५ साली शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. पुढील वर्षी मद्रासचे चेन्नई झाले. २००२ साली निगमाची सूत्रे टाटा समूहाकडे गेली आणि २००८ साली कंपनीचे नावही टाटा कम्युनिकेशन्स झाले. पत्त्यात गुंफलेली माहिती अशी एकामागून एक शिळी झाली. शहराचे नाव राजपत्राने पालटते. परंतु हजारो ग्राहकांच्या ओळखपत्रांवर, पत्रशीर्षांवर आणि परदेशस्थ आप्तांच्या वह्यांत उतरलेले ‘बी-एम’ राजपत्राने पालटत नाही. विमानवाहतुकीच्या व्यवहारात मुंबईचा संकेत आजही बी-ओ-एम असाच आहे. कारण तो संकेत जगातील प्रत्येक विमानकंपनीच्या नोंदीत गेलेला आहे.

ह्याउलट उदाहरण जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचे. भारतातील शैक्षणिक जालाच्या प्रारंभीच्या काळात ह्या केंद्रातील एका यंत्राचे नाव ‘शक्ती’ असे होते आणि परदेशी टपालाच्या पत्त्यांत ते नाव वावरत असे. ह्या नावात शहर नाही, सेवा नाही, क्रमांकही नाही. २००३ साली ते केंद्र सी-डॅक ह्या संस्थेत विलीन झाले, तेव्हा पत्त्यातील संस्थानाम कालबाह्य झाले. ‘शक्ती’ ह्या शब्दाला मात्र कालबाह्य होण्याचे कारण नव्हते. ज्या नावात माहिती कमी, त्याचे आयुष्य अधिक, असा निष्कर्ष ह्या तुलनेतून काढता येतो.

७. नामांतराचे परिणाम

आता विभागातील एखाद्या चालू यंत्राचे नाव बदलावयाचे ठरल्यास काय घडते ते पाहू. होस्टनेम-सीटीएल ही आज्ञा दिली की स्थायी आणि तात्पुरते नाव बदलते. परंतु आधीच उघडलेल्या टर्मिनलमध्ये जुनेच नाव दिसत राहते. कारण बॅश हा कार्यक्रम सुरू होतानाच नाव वाचून ठेवतो. एट्सी निर्देशिकेतील होस्ट्स फाइलमध्ये जुन्या नावाची ओळ तशीच राहिली असेल, तर प्रशासकीय आज्ञा देताना ‘ह्या यंत्राचा पत्ता सापडत नाही’ अशा अर्थाची सूचना येते आणि कधी कधी प्रत्येक आज्ञेला काही क्षणांचा विलंब लागतो. सुरक्षा-प्रमाणपत्रात जुने नाव असल्यामुळे नव्या नावाने येणाऱ्यांना यंत्र संशयास्पद वाटते. कर्बरॉस पद्धतीने ओळख पटविणाऱ्या जालात यंत्राची किल्ली त्याच्या नावाला बांधलेली असते. नाव बदलले की ती किल्ली निरुपयोगी ठरते.

ह्याहून गंभीर परिणाम नोंदवह्यांवर होतो. यंत्र आपल्या दैनंदिन नोंदीत प्रत्येक घटनेपुढे आपले नाव लिहीत असते. नामांतरापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी म्हणून दोन निराळ्या यंत्रांच्या वाटतात. त्याहून वाईट म्हणजे, निवृत्त यंत्राचे नाव नव्या यंत्राला दिले तर दोन निराळ्या यंत्रांच्या नोंदी एकाच यंत्राच्या भासतात. गणनाप्रधान संशोधनात कोणते फलित कोणत्या यंत्रावर मिळाले हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. प्रक्रियायंत्राच्या भेदामुळे दशांश अपूर्णांकांच्या अखेरच्या स्थानांत फरक पडू शकतो. प्रबंधाच्या टिपणात केवळ यंत्रनाम लिहिले असेल, तर पाच वर्षांनी त्या नावाखाली कोणते यंत्र होते हे सांगणे अशक्य होते. म्हणून नावाबरोबर विभागाच्या जंगम नोंदवहीतील क्रमांक आणि यंत्राची घडण लिहून ठेवावी. यंत्राचा ओळखक्रमांक गोपनीय मानण्याचा संकेत असल्याने तो जसाच्या तसा प्रसिद्ध करू नये. हवा असल्यास त्यावरून काढलेला गोषवारा वापरावा.

आणखी एक धोका नित्याचा आहे. प्रशासक एकाच पडद्यावर दोन यंत्रांची दोन टर्मिनले उघडून बसलेला असतो. कोणते कोणाचे हे त्याला कळते ते केवळ ओळीच्या आरंभी दिसणाऱ्या नावावरून. दोन्ही यंत्रांची नावे सारखी असतील, किंवा एकाच अंकाचा फरक असेल, तर चाचणीच्या यंत्रासाठी योजिलेली पुसण्याची आज्ञा मुख्य यंत्राला जाण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही. वर्षानुवर्षांचे संशोधनसाहित्य आणि त्याचा नाश ह्यांमध्ये अशा वेळी एका शब्दाचे अंतर असते.

तेव्हा नामांतराचा क्रम असा असावा. प्रथम जुने नाव कोठे कोठे नोंदलेले आहे त्याची यादी करावी. नवे नाव डोमेनच्या नोंदीत आधी घालावे आणि जुने नाव उपनाव म्हणून काही काळ चालू ठेवावे. मग सेवेमार्फत यंत्राचे नाव बदलावे, होस्ट्स फाइल दुरुस्त करावी, प्रमाणपत्रे व किल्ल्या नव्याने घ्याव्यात आणि यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे. नाव टिकते की नाही ह्याची खरी परीक्षा ह्या शेवटच्या पायरीतच होते.

८. नाव कसे निवडावे

यंत्रनामाच्या निवडीवर डॉन लिब्ज ह्यांनी ऑगस्ट १९९० मध्ये लिहिलेले एक छोटेखानी टिपण इंटरनेटच्या अधिकृत टिपणमालिकेत ११७८ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध आहे आणि त्यातील बराचसा उपदेश आजही ग्राह्य आहे. नावाचा एक खंड जास्तीत जास्त ६३ चिन्हांचा असू शकतो. त्याच्या आरंभी किंवा अखेरीस जोडरेघ येऊ नये. हे झाले नियम. विवेकाचा भाग ह्याहून मोठा आहे. यंत्राला त्याच्या मालकाचे, प्रकल्पाचे किंवा खोलीचे नाव देऊ नये. माणसे बदलतात, प्रकल्प संपतात आणि यंत्रे खोलीतून खोलीत जातात. कामाचा निर्देश हवा असेल तर तो डोमेनमधील उपनावाने करावा. काम दुसऱ्या यंत्राकडे गेले की उपनाव तिकडे वळविता येते.

मराठी शब्द निवडताना रोमन लेखनाची एकरूपता पाहणे विशेष आवश्यक आहे. परळ हे नाव रेल्वे रोमनमध्ये पी-ए-आर-ई-एल असे लिहिते. मराठी कानाने लिहिणारा तिसऱ्या अक्षरानंतर ए लिहील. गिरगावचीही रोमन रूपे एकाहून अधिक आहेत. दादर मात्र बहुतेक सर्वजण एकाच प्रकारे लिहितात. टंकलेखनात अडखळायला न लावणारे, उच्चारताच लिहिता येणारे आणि दुसऱ्या नावाशी न मिसळणारे नाव उत्तम समजावे. ढगसेवांच्या केंद्रांत, जेथे हजारो यंत्रे तासागणिक निर्माण होतात व नष्ट होतात, तेथे क्रमांकवजा नावेच सोयीची ठरतात, हे खरे; तेथे एखाद्या यंत्राशी माणसाची ओळख होण्याचा प्रसंगच येत नाही. विभागातील दहा-वीस यंत्रांना तो न्याय लावण्याचे कारण नाही.

९. समारोप

नामव्यवस्थापक सेवेने यंत्राच्या आतील विस्कळीत नोंदींना एक दार दिले, अधिकाराची मर्यादा घातली आणि बदलाची वार्ता पोहोचविण्याची सोय केली, हे तिचे श्रेय निःसंशय मोठे आहे. मात्र त्या दारापलीकडील नोंदी तिच्या नाहीत. त्या सहकाऱ्यांच्या, जालव्यवस्थापकांच्या आणि परस्थ वाचकांच्या आहेत. त्यांचा मेळ घालण्याचे काम यंत्र करीत नाही, ते विभागातील जबाबदार माणसालाच करावे लागते. सबब प्रत्येक विभागाने आपल्या यंत्रांची एक साधी नोंदवही ठेवावी : नाव, जंगम क्रमांक, नाव दिल्याची तारीख, नामांतराची तारीख आणि ते करणाऱ्याची सही. यंत्र सुरू होताना वाचते ती फाइल एका ओळीची असते. ती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली, हे सांगणारी दुसरी कोणतीही जागा यंत्रात नाही.